श्वास रोखा!

सुजाता गायकवाड मॅडमनी माझ्यादेखत तीन माणसांवर हात उचलला. पहिल्या दोघांना तो प्रसाद मिळायलाच हवा होता, असं माझं मत आजही आहे. तिसऱ्याबद्दलचं मत इतक्या वर्षांत ठरलेलं नाही, आणि लिहायला बसलो आहे तो त्या तिसऱ्यामुळेच.

मॅडम उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत, मी मराठी. त्या स्टाफरूममध्ये कुणालाच नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. "ओ इतिहास, तो पंखा बंद करा." "अर्थशास्त्र, तुमचा डबा गळतोय." मी अर्थातच 'मराठी'. सुरुवातीला राग आला. मग प्राचार्यांनाही त्या 'प्रशासन' म्हणतात हे कळलं आणि जरा बरं वाटलं. उंची बेताची, मनगटं रुंद, केस इतके घट्ट बांधलेले की भुवया कायम वर ओढल्यासारख्या दिसायच्या. वडिलांनी नाव ठेवलं होतं बुद्धाला खीर देणाऱ्या सुजातेवरून. आमच्या सुजाताबाईंच्या हातून कुणाला खीर मिळाल्याचं ऐकिवात नाही.

पहिला मार संस्थेच्या अध्यक्षांनी खाल्ला. दोन हजार तीनच्या आसपासची गोष्ट. बंद पडलेल्या एका औषध कंपनीच्या लिलावातून संस्थेनं एक आयआर मशीन उचललं. पदार्थावर अवरक्त प्रकाश सोडायचा आणि त्यातला कुठला भाग त्यानं गिळला हे कागदावर वर-खाली होणाऱ्या रेषेत बघायचं, एवढंच त्या यंत्राचं काम. जिथं प्रकाश गिळला जातो तिथं रेषेत खळगी पडते. प्रत्येक पदार्थाची खळगी ठरलेल्या जागी. मात्र या यंत्राच्या आतल्या खिडक्या काचेच्या नसतात, मिठासारख्या क्षाराच्या असतात. पाणी लागलं की विरघळतात.

अध्यक्षांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी उद्घाटन ठेवलं होतं. मांडव, सनई, आणि एक भलामोठा फलक, ज्यावर यंत्रापेक्षा अध्यक्षांचा फोटो मोठा होता. भाषण पाऊण तास चाललं. 'विज्ञान आणि अध्यात्म यांचा संगम' तीनदा झाला. मग अध्यक्षांनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ घेतला आणि फोडण्यासाठी थेट यंत्राचाच कोपरा निवडला. हात वर गेला, तो खाली आलाच नाही. मॅडमनी मनगट हवेतच धरलं होतं. नुसतं धरलं नाही, पिळलं. कटकन आवाज आला. नारळ इतिहासाच्या पायावर पडला.

"अरे मैडम! नारियल है!" अध्यक्ष कळवळले.

"पाणी आहे त्यात," मॅडम म्हणाल्या आणि मग हात सोडला.

अध्यक्षांचं मनगट आठ दिवस पट्टीत होतं. मॅडमना मेमो मिळाला. त्याला त्यांनी एका ओळीचं उत्तर दिलं: 'यंत्र सुस्थितीत आहे.'

त्यानंतर ती खोली म्हणजे त्यांचं राज्य झालं. कॉलेजात एसी दोनच ठिकाणी होता, प्राचार्यांच्या केबिनमध्ये आणि तिथं. कपाटात नमुने कोरडे राहावेत म्हणून दिवसभर बल्ब जळायचा. यंत्र चालू असताना दारातून आत पाऊल टाकलं की आरोळी यायची, "श्वास रोखा!" त्यात नाटक नव्हतं. उघड्या यंत्रावर वाकून माणूस श्वास सोडतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड कागदावर उतरतो आणि नसलेली खळगी दिसू लागते. मॅडम कागद उजेडात धरून विचारत, "हा कोण?" आणि माझ्याकडे बघून स्वतःच उत्तर देत, "एवढी खोल म्हणजे मराठी. भाषणं देणाऱ्यांच्या छातीत फार हवा साठते."

दुसरा मार प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकानं खाल्ला. तो डॉक्टरेट करत होता. त्यानं एकाच नमुन्याचा आलेख तीन वेगवेगळ्या नावांनी प्रबंधात चिकटवला. मॅडमनी तीन पानं एकावर एक ठेवून खिडकीला धरली, रेषा तंतोतंत जुळल्या, आणि वळून त्याच्या कानाखाली वाजवली. "कागदाशी खोटं बोलतोस?" एवढंच म्हणाल्या. पुढे त्या गृहस्थांना डॉक्टरेट मिळाली. सत्कारही झाला.

मारण्याच्या बाबतीत मॅडमचं शिक्षण घरीच झालं होतं. अंबरनाथच्या चाळीत त्या वाढल्या. वडील रंगांची कच्ची पूड बनवणाऱ्या कारखान्यात होते. ज्या शेडमध्ये ते काम करत तिला सगळे पिवळी शेडच म्हणत, कारण तिथून बाहेर पडणारा माणूस पिवळा होऊनच बाहेर पडे. उशी पिवळी, बनियन पिवळं, पाठ टेकायची ती भिंत पिवळी. संध्याकाळी ते दारू पिऊन यायचे आणि मुलांना बडवायचे. हे मॅडमनी मला एकदाच सांगितलं, तेही आलेखांवर क्रमांक घालताना, मान वर न करता. "थोबाडीत मारली की गालावर पिवळा पंजा उठायचा. साबणानं जायचा नाही. शाळेत सगळ्यांना कळायचं, काल गायकवाडांकडे काय झालं ते."

मॅडम कॉलेजात शिकत असताना वडिलांच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं आणि वर्षभरात ते गेले. कंपनीच्या डॉक्टरांनी दारू हे कारण लिहिलं. कंपनीनं मोठ्या मनानं त्यांच्या जागी मुलाला घेतलं, म्हणजे मॅडमच्या धाकट्या भावाला, राहुलला. त्याच शेडमध्ये.

राहुल बापासारखा नव्हता. हसरा, बडबड्या, चाळीच्या कॅरममध्ये पहिला. कपाळ आणि नखं मात्र पिवळी. मॅडम रोज त्याच्याशी भांडत. मी एकदा घरी गेलो तेव्हाही ताटं वाढलेली आणि भांडण चालूच होतं.

"सोड ती शेड."

"सोडतो की. कागद दाखव."

"बाबा कशानं गेले दिसलं नाही तुला?"

"दारूनं. कागदावर तसंच लिहिलंय ना? तूच म्हणतेस ताई, कागदावर नाही ते नाहीच. माझ्या अंगात काही बिघडलंय असा एक कागद आण, दुसऱ्या दिवशी राजीनामा. सरांच्या समोर बोलतोय."

"ठरलं?"

"ठरलं. आता भाजी वाढ."

असं ते काम सुरू झालं. पेशीच्या आत डीएनएचा धागा असतो. त्याच्या कण्यात फॉस्फेट असतं आणि त्याची खळगी कुठं पडते हे ठाऊक असतं. विषानं धागा तुटला, वाकला, की ती खळगी जागची सरकते किंवा उथळ होते. गालाच्या आतून पेशी खरवडायच्या, सुकवायच्या आणि यंत्राखाली धरायच्या. मॅडमनी रविवारी सकाळी शेडमधल्या नऊ जणांना चाळीच्या ओट्यावर रांगेत बसवलं आणि आइस्क्रीमच्या लाकडी चमच्यांनी त्यांचे गाल खरवडले. एक जण कळवळला तर म्हणाल्या, "माझा गाल याहून जास्त सोललाय, गप बस."

तुलनेसाठी विषाचा वारा न लागलेली माणसं हवी होती. बदलापूरच्या पुढे, बारवीच्या बाजूला डोंगरातल्या एका पाड्यावर जायचं मॅडमनी ठरवलं. स्वच्छ हवा, झऱ्याचं पाणी, ना कारखाना ना धूर. माहितीचा फॉर्म मी लिहिला, कारण माझं मराठी सोपं आणि अक्षर बरं, असं त्यांचं मत होतं. विडी ओढता का? दारू पिता का? तंबाखू, गुटखा खाता का?

आम्ही पोचलो तेव्हा बायका उंबऱ्यांवर बसून दात घासत होत्या. हौसाबाई म्हणून एक म्हातारी त्यांची म्होरकी होती. बोट तोंडातच ठेवून ती म्हणाली, "बसा बाय. तोंड तर धुवू द्या, मंग खरवडा किती ते." अर्ध्या तासानं सगळ्यांचे दात घासून झाले, चुळा भरून झाल्या. काळी पिंक अंगणाच्या कडेला पडत होती. आम्ही चहा पीत शांतपणे थांबलो.

"तंबाखू खाता का?" मी विचारलं.

"नाय रं बाबा," हौसाबाई दुखावल्यासारखी म्हणाली. "आमच्या पाड्यावर बायामानसं तमाखू नाय खात."

मी सगळ्यांच्या फॉर्मवर 'नाही' लिहिलं. अक्षर खरोखरच बरं आलं होतं.

शेडमधल्या माणसांच्या खळग्या सरकलेल्या निघाल्या. पाड्यावरच्या बायकांच्या त्याहून जास्त सरकलेल्या. मॅडम आठवडाभर यंत्राशी झटल्या, आकडे हलले नाहीत. तोवर कामगारांनी कंपनीकडे बैठक मागून घेतली होती. मॅडम दोन्ही आलेख घेऊन गेल्या. पाड्याचा लपवा, असं मी सुचवलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागं सरकलो.

कंपनीचे डॉक्टर आलेख बघून फार सौजन्यानं बोलले. "म्हणजे मॅडम, तुमच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या शेडपेक्षा जंगलाची हवा वाईट. मग या लोकांना शेडमध्येच राहू द्या ना. तब्येती सुधारतील." टेबलाच्या त्या बाजूचे हसले. मग या बाजूचे हसले. सगळ्यात मोठ्यानं राहुल हसला आणि लगेच ओशाळला. मॅडमनी आलेखांची सुरळी केली आणि त्या बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाआधीच त्यांनी मला खोलीत बोलावलं. यंत्र बंद होतं.

"मराठी, तुमच्या आई दात कशानं घासतात?"

"मशेरीनं."

"माझीपण. आज सकाळी नळावर बघत उभी होते तिच्याकडे. मशेरी कशाची करतात?"

मशेरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू. लहानपणापासून घराघरात तिचा वास घेतला होता. पण ती तंबाखू आहे असं आमच्याकडे कुणी मानत नाही. ती दात घासायची वस्तू, शेल्फवर साबणाशेजारी राहते. हौसाबाई खोटं बोलली नव्हती. आम्ही तिथं बसून, चहा पीत, त्या बायकांचे गाल तंबाखूनं घासून पूर्ण होण्याची वाट पाहिली होती आणि मग ते खरवडले होते.

"फॉर्म कुणी लिहिला?"

"मी," मी म्हणालो आणि डोळे मिटले. फाडकन आवाज झाला. मला काही लागलं नाही. डोळे उघडले तेव्हा मॅडमच्या स्वतःच्या गालावर चार बोटं उठली होती. ही थप्पड मी सुरुवातीच्या तिनांत मोजलेली नाही.

त्यांनी कंपनीला पत्र पाठवलं: पहिली चाचणी माझ्या चुकीनं रद्द, आता रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासणार. चारच दिवसांनी अंबरनाथच्या कारखान्यांच्या रस्त्यावर दोन माणसांनी त्यांना अडवलं आणि भर संध्याकाळी सायकलच्या चेननं मारलं. दोन दात गेले, भुवई फाटली. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या तोंडानं त्यांनी पूर्ण तास घेतला. पोलिसांनी हल्लेखोरांचं वर्णन विचारलं तर म्हणाल्या, "एकाचा डावा कान आता अर्धाच आहे. शोधायला सोपं जाईल." उरलेला अर्धा त्यांनी थुंकला कुठं, हे पोलिसांनी विचारलं नाही. माणूसही सापडला नाही.

रक्ताच्या वेळी तुलनेसाठी स्टाफरूम वेठीला धरली गेली. यावेळी प्रश्न मॅडमनी स्वतः विचारले, दाराला कडी घालून. इतिहासाचा गुटखा बाहेर आला. प्रशासन रोज सकाळी तपकिरीनं दात घासतात, हे सुविचारांच्या फळ्याखाली उघड झालं. गाळून गाळून नऊ निर्दोष माणसं उरली. त्यांत मी होतो. आयुष्यात निर्दोष ठरण्याचा तो माझा एकमेव प्रसंग.

महिनाभरानं आलेख तयार झाले. निर्दोष नऊ एका रेषेत. शेडमधल्या नऊपैकी आठांची खळगी सरकलेली, स्पष्ट, कुणालाही दिसावी अशी. नववा कागद राहुलचा. तो आमच्यासारखाच होता. मॅडमनी त्याचा नमुना सहा वेळा यंत्राखाली धरला. मी दारात श्वास रोखून उभा होतो. सहाही वेळा तीच सरळ, निरोगी रेषा आली.

राहुल दुपारी कामावरून थेट आला, पिवळ्या कपाळानं. मी कोपऱ्यात फायली लावत असल्याचं सोंग करत होतो. टेबलावर आठ बिघडलेले कागद होते. त्यांतल्या एकावरचं नाव खोडून 'राहुल' लिहायला किती वेळ लागला असता? माझ्याकडे पेन होतं. अक्षरही बरं होतं.

"काय ताई, निकाल?"

"तुझा कागद चांगला आहे."

"म्हणजे?"

"बाकीच्या आठांचा बिघडलाय. तुझा नाही."

राहुलनं कागद उचलला, रेषेवर बोट फिरवलं आणि ओठांना लावला. "फ्रेम करून लावतो घरात!"

"हा आजचा कागद आहे, राहुल. शरीर काही दिवस दुरुस्त करत राहतं. एक दिवस थकतं. बाबांचाही कधीतरी असाच असेल."

"पण माझं काय ठरलं होतं? बिघडलेला कागद आण. हा बिघडलाय का?"

"नाही."

"खोटं बोलतोय का कागद?"

"नाही."

"मग संपलं. चल, सेकंड शिफ्ट पण घेतलीये आज."

मॅडमनी टेबलावरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाल्या, "जायच्या आधी हात दे. डावा. टेबलावर ठेव."

"अजून रक्त?"

"ठेव. श्वास रोख."

त्यानं हसत गाल फुगवले आणि श्वास रोखला. नमुना क्षारात कालवून त्याच्या वड्या दाबायच्या प्रेसचा दोन फुटी लोखंडी दांडा मॅडमच्या हातात कधी आला, मला कळलं नाही. पहिला घाव मनगटावर बसला. राहुलची किंकाळी बाहेर पडायच्या आत दुसरा. हाड मोडल्याचा आवाज मी एकदा नारळाच्या वेळी ऐकला होता असं मला वाटे. तो आवाज हा नव्हता.

त्या कारखान्यात आठ दिवस गैरहजर राहिलं की नाव कटायचं. पिवळ्या शेडमध्ये फावड्यानं पूड भरायला दोन हात लागायचे. हे दोघांनाही माहीत होतं. राहुल जमिनीवर लोळत तिला आईवरून शिव्या देत होता आणि ती स्वतःच्याच आईवरच्या शिव्या ऐकत पदर फाडून त्याचा हात गळ्यात बांधत होती.

हॉस्पिटलच्या बाकावर मी शेजारी बसलो. आत राहुलचं हाड बसवत होते, ओरडणं बाहेर येत होतं. मॅडमनी उजवा तळवा माझ्यासमोर धरला.

"मराठी, नीट बघा. पिवळा दिसतोय का?"

मी नीट बघितलं. "नाही," म्हणालो. त्यांचा विश्वास बसला असं वाटलं नाही.

आठांचा अहवाल त्यांनी सगळीकडे पाठवला. वर्षभरानं पिवळी शेड बंद झाली, म्हणजे दुसऱ्या गावात दुसऱ्या पाटीखाली सुरू झाली. आठांपैकी दोघं पुढे राहुलच्या बापाच्याच वाटेनं गेले. राहुलचं नाव नवव्या दिवशी कटलं. तो दोन वर्षं बहिणीशी बोलला नाही. हातही वाकडाच बसला. कुठला मार्ग बरोबर होता हे मी अनेकदा मनात लिहून पाहिलं आहे. दर वेळी माझं पेन त्या आठांतल्या एका कागदावर राहुलचं नाव लिहितं, आणि दर वेळी त्याखालची रेषा दुसऱ्याची निघते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते विठ्ठलवाडी डेपोसमोर, दशक संपता संपता. मी कॉलेज सोडून तीन वर्षं झाली होती. एक रिक्षा रांगेत उभी होती. चालकाच्या जागेवर राहुल, कपाळ आणि नखं सगळ्यांसारखी सावळी, वाकड्या मनगटाचा डावा हात क्लचवर. मागच्या सीटवर गायकवाड मॅडम. त्यांनी पर्समधून सिरिंज काढली, रबरी नळी काढली आणि पुढे वाकून त्याचा उजवा दंड आवळला.

"ताई, पॅसेंजर उभेत!"

"उभे राहू देत. दरवर्षी हेच रडगाणं तुझं."

"शेड सोडून किती वर्षं झाली? अजून काय शोधतेस?"

"बापाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. हात सरळ कर."

बाहेरचा एक माणूस घड्याळ दाखवत "चलना है के नहीं?" म्हणून ओरडला. मॅडमनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो पुढच्या रिक्षेकडे गेला. राहुलनं हात सरळ केला, मान दुसरीकडे वळवली, डोळे घट्ट मिटले. सुई जवळ आली तशी त्याची छाती थांबली. वाकडं मनगट आपोआप पोटाशी ओढलं गेलं.

मॅडमचा हात हवेतच थांबला.

"श्वास घे रे," त्या म्हणाल्या. त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. "सुई आहे नुसती. घे श्वास."

राहुलनं घेतला. तो पूर्ण बाहेर पडेपर्यंत त्या थांबल्या, आणि मग टोचलं.